शून्य ओळींचा बदल

तिसऱ्यांदाही काम चारशे बाराव्या नोंदीपाशीच अडकलं. पडद्यावर ओळभर प्रश्नचिन्हं उमटली आणि त्याखाली लाल अक्षरांत आलं की पुढचं वाचता येत नाही.

“परत देवनागरीच,” मी म्हणाले.

सुधन्वा कुरणे माझ्या डाव्या बाजूला प्रयोगशाळेच्या उंच स्टुलावर बसला होता. त्याने चष्मा वर सरकवला, प्रश्नचिन्हं मोजत असल्यासारखं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “तेव्हा मी जुना फॉन्ट वापरत होतो. मोडणारच.”

२०११ सालच्या फेब्रुवारीतला शनिवार होता. सांगलीच्या ज्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत असे, तिथल्या प्रयोगशाळेत वर्णपटमापीच्या टेबलाखाली एक जुना संगणक अखंड चालू असायचा. तोच आमचा सर्व्हर. कॉलेजने जुन्या सामानाच्या निर्लेखनाची यादी काढली आणि तिच्यात त्याचाही क्रमांक आला. सोमवारी सकाळी समिती येऊन तो घेऊन जाणार होती. त्याआधी त्याच्यावरचं सगळं इंटरनेटवरच्या नव्या जागी हलवायचं होतं.

सगळं म्हणजे ओसरी, आमचा डेस्कटॉप. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीवर डेस्कटॉप आपल्याला निवडता येतो. संगणक सुरू केल्यावर समोर येणारी खालची पट्टी, मेनू, खिडक्यांच्या कडा, घड्याळ हे एकाच कंपनीने ठरवून दिलेलं नसतं. आवडेल ते बसवायचं, आणि काहीच आवडलं नाही तर स्वतः लिहायचं. सुधन्वाने लिहिलं. शाळांना दान म्हणून मिळणाऱ्या जुन्या संगणकांना मोठे डेस्कटॉप पेलायचे नाहीत, ओसरी त्यांच्यावर तक्रार न करता चालायची. कोड सर्वांना खुला होता. लिहिणारे आम्ही पाच जण: नागपूरचे दोघं, ज्यांना मी कधीच पाहिलं नाही, सुधन्वा, मी आणि मिरजेची शाहीन मुजावर.

सुधन्वा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांची नियंत्रणं लिहायचा. शनिवारी त्याला सुट्टी असे आणि शनिवारी तो सर्व्हर पाहायला म्हणून प्रयोगशाळेत यायचा. सर्व्हरला इतकं पाहावं लागत नाही, हे मला माहीत होतं. अडीच वर्षं मी ते त्याला सांगितलं नाही.

जानेवारीत तो एका शनिवारी म्हणाला होता की ऑस्लोच्या एका कंपनीने बोलावलंय. एका मोठ्या डेस्कटॉपवर पूर्णवेळ काम, तेही खुल्या सॉफ्टवेअरचं. उत्तर द्यायला महिनाभर मुदत आहे. मी म्हणाले, चांगली संधी आहे. तो म्हणाला, आहे. मग आम्ही घड्याळातली एक चूक शोधू लागलो. तेव्हापासून दर शनिवारी मी दोन शब्दांचं एक वाक्य तयार ठेवत होते: जाऊ नकोस. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची मला सवय नव्हती. त्याने विचारावं, म्हणून मी थांबले होते. मुदत सोमवारी संपत होती.

“पुन्हा लावू?” मी विचारलं.

“थांब, शाहीन येतेय. भडंग आणते म्हणालीय. उपाशीपोटी चारशे बारा पार होणार नाही.”

शाहीन मिरजेच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. ओसरीच्या मेनूतले सगळे मराठी शब्द तिचे. आम्ही काहीही नवं केलं की ते आधी तिच्या वर्गातल्या सहा संगणकांवर जायचं, आणि सोमवारी दुपारपर्यंत मुलांनी ते मोडलेलं असायचं. तिला सुधन्वाबद्दल आदर होता आणि त्याची थट्टा करायची मुभा तिने स्वतःच घेतली होती.

ती आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, “काय ओ सर, कळ हलवली म्हणे. मी दोनदा वाचलं, विश्वास बसेना.”

कळ म्हणजे संगणक बंद करायची कळ. तिच्यावरून आमच्यात आठ महिने वाद चालला होता. ती मेनूला चिकटून होती आणि मुलं मेनू उघडताना चुकून संगणक बंद करायची. शाहीनच्या वर्गात बसून मी दोन आठवडे मोजलं होतं, त्रेचाळीस वेळा. मी तक्ता करून सगळ्यांना पाठवला. सुधन्वाने तक्ता वाचला, छान आहे म्हणाला आणि कळ होती तिथेच ठेवली.

त्याचं म्हणणं सरळ होतं. त्या वर्षांत मोठे डेस्कटॉप एकामागून एक आपलं रूप पालटत होते. लोक सकाळी संगणक उघडत तेव्हा कालची पट्टी जागेवर नसे, आणि चर्चेच्या पानांवर शिव्यांचा पाऊस पडे. सुधन्वा ते सगळं वाचायचा आणि अस्वस्थ व्हायचा. माणूस घरात शिरताना चप्पल रोज एकाच जागी काढतो, तो म्हणायचा. न बघता काढतो. ती जागा तुम्ही हलवलीत, भले चांगल्यासाठी असेल, तर तो अडखळणार. आणि वाईट याचं आहे की तो तुम्हाला नाही, स्वतःला नावं ठेवणार. म्हणणार, आपल्याला यातलं कळत नाही. शाळेतल्या बाईंना एकदा असं वाटलं की त्या संगणकाला पुन्हा हात लावत नाहीत.

माझं म्हणणं असं, की सवय हा पुरावा नव्हे. जागा चुकीची असेल तर एकदाच अडखळू दे आणि सुटू दे.

आणि आता त्याने ती हलवली होती. त्या दिवशी सकाळीच, न सांगता. उजव्या टोकाला, मी म्हणत होते तिथे.

“पाहिलं मी,” शाहीनला मी म्हणाले. “अकरा ओळींचा बदल आहे. नीट केलाय.”

शाहीनने माझ्याकडे पाहिलं, मग सुधन्वाकडे. तो भडंगाच्या पुड्याची दोरी सोडत होता.

“एवढंच?” तिने मला विचारलं.

“एक ओळ कमी करता आली असती.”

“एक ओळ,” ती म्हणाली आणि पाण्याची बाटली भरायला बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. नळ दाराशीच होता.

इथे नोंदींबद्दल सांगायला हवं. कोडमधला प्रत्येक बदल साठवताना त्यासोबत एक टिपण लिहायचं असतं: काय केलं आणि का केलं. आम्ही त्याला नोंद म्हणायचो. बहुतेक लोक दोन शब्दांत उरकतात. सुधन्वा मराठीत लिहायचा आणि पुष्कळ लिहायचा, एवढं मला दिसत असे, कारण पडद्यावर त्याच्या नोंदीला जागा जास्त लागायची. मी त्या वाचत नसे. कोणाचाही बदल तपासताना मी सरळ ओळींतला फरक उघडायची. नोंद म्हणजे करणाऱ्याचं स्वतःविषयीचं मत आणि फरक म्हणजे मोजमाप, असं मी मानत होते. प्रयोगवहीत निष्कर्षाचं पान आधी वाचू नये, हे मी विद्यार्थ्यांनाही सांगत असे. नोंद झाली की तिची प्रत आम्हा पाचही जणांना ईमेलने आपोआप यायची. माझ्या ईमेलमध्ये त्या परस्पर एका वेगळ्या कप्प्यात जात आणि तीस दिवसांनी पुसल्या जात. मीच तसं लावून ठेवलं होतं.

जुन्या पद्धतीत हा सगळा इतिहास फक्त सर्व्हरवर असायचा. आमच्या संगणकांवर असे तो आजचा कोड. नव्या पद्धतीत, गिटमध्ये, प्रत्येकाकडे सगळं राहतं. पण जुन्यातून नव्यात नेताना त्या मोडक्या अक्षरांपाशी काम थांबत होतं.

“मी हाताने दुरुस्त करतो,” सुधन्वा म्हणाला. “चारशे बारा, मग पुढची अडेल ती. उद्या दिवसभर बसलो तर होईल.”

“अकराशे चाळीस नोंदी आहेत. त्यांतल्या निम्म्या तरी मोडलेल्या असतील.”

“मग रात्री उशिरापर्यंत बसेन.”

“कशासाठी? आजचा कोड स्वच्छ आहे. तोच घेऊ, एका नोंदीने नवी सुरुवात करू. अर्ध्या तासात होईल.”

त्याने भडंगातले शेंगदाणे वेगळे काढून कागदाच्या माझ्या बाजूला सरकवले. हे तो नेहमी करायचा. त्याला शेंगदाणे आवडत नसावेत, अशी माझी समजूत होती.

“इतिहास जाईल,” तो म्हणाला.

“जाऊ दे. कोणाला लागतो? बदल का केला ते कोडवरून कळायला हवं. कळत नसेल तर कोड वाईट.”

“कधी कोणाला वाटलं, मागे जाऊन बघावं...”

“काय बघायचं?”

मग त्याने विचारलं, आणि मला आठवतं की विचारताना तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

“तू वाचल्यात का, वृषाली?”

मी आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोललेय. जी बोलले ती बहुधा असलीच आहेत, मोजमापाच्या कडेकडेची. त्या नोंदींची यादी मी पाहिली होती. क्रमांक, तारीख, किती ओळी बदलल्या, हे मी सकाळीच तपासलं होतं. आणि तपासलं नाही असं म्हणणं मला जमत नसे, त्यातही त्याच्यासमोर. तो लोकांना सांगायचा की वृषाली स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही.

“हो,” मी म्हणाले. “सगळ्या पाहिल्यात. त्यांत ठेवण्यासारखं काही नाही, कुरणे.”

त्याने मान हलवली. हातावरचं मीठ रुमालाने पुसलं, एकेक बोट करून.

“बरं,” तो म्हणाला. “मग तुझ्या नावानेच सुरुवात कर.”

मी आजचा कोड नव्या जागी नेला. पहिली नोंद लिहिली: “जुना इतिहास गाळला. इथून स्वच्छ सुरुवात.” चालेल का, म्हणून त्याला वाचून दाखवली. त्याने स्टुलावरून उठत म्हटलं, स्वच्छ आहे. शाहीन बाटली घेऊन दारात उभी होती, कधीपासून ते मला माहीत नाही. तिने ते ऐकलं आणि बाटली टेबलावर ठेवून निघते म्हणाली. तिची बस दीड तासाने होती.

सोमवारी समितीने संगणक नेला. कोऱ्या करून द्यायच्या म्हणून मी आदल्या दिवशी त्याच्या डिस्क नियमाप्रमाणे तीनदा पुसल्या होत्या. सोमवारीच सुधन्वाने ऑस्लोला होकार कळवला.

एप्रिलच्या सुरुवातीला तो प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली परत द्यायला आला. सर्व्हर नव्हता, त्यामुळे त्याला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. टेबलाखालच्या रिकाम्या जागेकडे पाहत तो म्हणाला, “कळ उजवीकडे बरी दिसते.”

“हो.”

मी वाट पाहिली. माझ्याजवळ ते वाक्य अजून तयार होतं, मुदत संपली होती तरी. तोही थांबल्यासारखा वाटला. बाहेर बी.एस्सी.ची मुलं प्रात्यक्षिकासाठी रांगेत उभी होती आणि त्यांतल्या एकाने आत डोकावून विचारलं, मॅडम, येऊ का. सुधन्वानेच त्यांना या म्हटलं आणि तो त्यांच्यामधून बाहेर गेला.

पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली, दोन्ही ओसरीच्या कामाची. दोन्हींना मी मुद्देसूद उत्तरं दिली.

पुढची अकरा वर्षं लवकर सांगून संपतात. नागपूरचे दोघं आपापल्या कामांत गेले. ओसरी मी एकटीच थोडीथोडी चालवत राहिले. शाळांना फोन घेतले, चुका दुरुस्त केल्या. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून ते टिकत नाही. काही अडलं आणि विचारलं, तर कोणीतरी उत्तर देतं, म्हणून टिकतं. हेही सुधन्वाचंच म्हणणं. मी उत्तर देत राहिले. त्याच्याबद्दल मला वाटायचं ते वाटत राहिलं. ते कमी होतं का, हे मी काही वर्षं पाहिलं आणि मग पाहणं सोडलं.

गेल्या वर्षी शाहीनचा फोन आला. ती आता मुख्याध्यापिका होती. कोणीतरी दहा संगणक दिले होते, जुनेच, आणि त्यांवर ओसरी बसवायची होती. मी एका दुपारी मिरजेला गेले. जुन्या सहांपैकी दोन अजून चालत होते. त्यांच्या उजव्या टोकाला कळ होती. एक मुलगी आली, तिने न बघता ती दाबली आणि दप्तर उचलून गेली.

आम्ही दोघी संगणकांच्या खोलीत चहा घेत बसलो. नव्या संगणकांवर काम आपोआप चाललं होतं आणि टक्के हळूहळू वाढत होते. शाहीन ते पाहत म्हणाली की सरांची आठवण येते. मी म्हणाले, येते.

“ताई, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“एवढं लिहायचे ते तुमच्यावर. आवडत नव्हतं, तर आधीच थांबवायचं की ओ. शेवटच्या दिवशी असं तोंडावर म्हणायचं, ठेवण्यासारखं काही नाही म्हणून. मी दारात होते. मला ऐकवेना.”

मला वाटलं ती दुसऱ्या कोणाबद्दल बोलतेय. मी तिला विचारलं, काय लिहायचा.

शाहीनने कप खाली ठेवला. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मुलाने उत्तर पाठ केलं नाही ते आळसाने नव्हे, तर त्याच्या घरी पुस्तकच नाही म्हणून, हे उमगल्यावर शिक्षिकेचा चेहरा होतो तसा तिचा झाला.

“तुम्ही वाचलंच नव्हतं,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. नोंदींची ईमेल ती रोज सकाळी शाळा भरायच्या आधी वाचायची. मेनूत शब्द काय बदलायचे ते त्यावरून कळायचं म्हणून. वरच्या दोन ओळी कामाच्या असायच्या. खाली सुधन्वा लिहायचा. पट्टीचा रंग बदलला तेव्हा लिहिलं होतं की वृषाली खिडकीशी उभी होती, तिच्या मागे भिंतीचा जो राखाडी दिसत होता तो घेतला. घड्याळातली चूक चार दिवसांनी सापडली तेव्हा, की वृषालीने ती एका वाक्यात सांगितली होती, मी तिच्याकडे बघत होतो, वाक्याकडे लक्ष नव्हतं. नागपूरचे दोघं शाहीनला वेगळं पत्र लिहून विचारायचे, काही ठरतंय का तिकडे.

“आम्हाला सगळ्यांना वाटायचं की तुम्हाला माहीत आहे,” शाहीन म्हणाली. “सर म्हणायचे, समोर बोलायला मला जमत नाही, पण ती वाचते सगळं. स्वल्पविरामसुद्धा.”

ती पत्रं तिच्याकडेही उरली नव्हती. ते जुनं खातं तिने वर्षभर उघडलं नाही आणि ते बंद झालं. चारशे बाराव्या नोंदीत काय होतं, हे तिला आठवत नव्हतं. कसं आठवणार? मीही क्रमांक सांगून विचारत होते.

“शेवटची मात्र पाठ आहे,” ती म्हणाली. “कळ हलवली त्या सकाळची. मी दोनदा वाचली होती.”

तिने ती म्हणून दाखवली. मी तिला पुन्हा म्हणायला लावली, सावकाश.

सुधन्वा अजून ऑस्लोलाच आहे. त्या मोठ्या डेस्कटॉपच्या बदलांची यादी दर आठवड्याला प्रसिद्ध होते आणि तिच्यात त्याचं नाव असतं. तो आता इंग्रजीत लिहितो, तिकडच्या शिरस्त्याप्रमाणे एका ओळीत, पन्नास अक्षरांच्या आत. खिडकीची सावली दुरुस्त केली. दुसऱ्या पडद्यावरचा झटका काढला. त्या दुपारनंतर मी बसून त्याच्या अकरा वर्षांच्या नोंदी वाचल्या, पाच हजारांच्या वर आहेत. कामाच्या ओळीखाली एकाही नोंदीत काही नाही. नवीन येतात त्याही मी वाचते.

पण त्याआधी, त्याच दुपारी, शाहीनच्या शाळेतल्या संगणकावर बसून मी ओसरीचा कोड उघडला. यादीच्या तळाशी माझी पहिली नोंद अजून होती, जुना इतिहास गाळला म्हणणारी. ती कोणालाही वाचता येते आणि ती काढता येत नाही.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीला दोन नावं असतात, लिहिणाऱ्याचं आणि साठवणाऱ्याचं. बहुतेक वेळा दोन्हीकडे एकच माणूस असतो, पण वेगळी नावंही घालता येतात. आणि कोडमध्ये काहीही न बदलता नुसती नोंदही साठवता येते. तसं मुद्दाम सांगावं लागतं, कारण गिटला वाटतं की आपण चुकलो. मी तसं सांगितलं. लिहिणारा म्हणून सुधन्वा कुरणे घातलं आणि त्याचा जुना पत्ता, दुसरा माझ्याकडे नाही. साठवणारी म्हणून माझं नाव. मग शाहीन सांगत गेली आणि मी टंकत गेले.

“बंद करायची कळ उजव्या टोकाला हलवली. वृषालीचं बरोबर होतं, मला आठ महिने लागले. ऑस्लोला सोमवारी कळवायचं आहे. ती नको म्हणाली, तर नको.”

खाली गिटने दाखवलं, बदललेल्या ओळी शून्य.

शाहीन माझ्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. तिने बोट पडद्याला लावलं.

“ताई, शेवटच्या वाक्यात स्वल्पविराम नव्हता. सरांनी सलग लिहिलं होतं.”

मी तो काढला, आणि मग नोंद साठवली.